ओर्तोनाच्या भिंतींमधून

डोकं खाली घ्या. आणखी खाली. दोन्ही कान तळव्यांनी दाबून धरा आणि तोंड मात्र उघडं ठेवा, नाहीतर कानाचे पडदे फाटतील. खोलीच्या पलीकडच्या भिंतीला, छातीच्या उंचीवर, खुर्चीच्या आधाराने स्फोटकं टेकवून ठेवली आहेत. 'बीहाइव्ह' म्हणतात त्यांना. वात पेटलीये, आणि तुम्ही चौघं जिन्याच्या वळणावर एकमेकांना चिकटून बसला आहात.

हा आवाज कानांना कळायच्या आधी दातांना कळतो. मग सगळं पांढरं. चुना, गिलावा, विटांची भुकटी. नाकात, डोळ्यांत, कॉलरच्या आत. थुंकी घट्ट झालीये. खोकला येतोय, पण खोकायला आत्ता वेळ नाही. धूळ हवेत आहे तोवरच पलीकडचा तुम्हाला बघू शकत नाही. भगदाडातून आधी हातबॉम्ब जाईल, मग टॉमीगनची एक फैर, आणि त्यामागोमाग तुम्ही. डावा खांदा पुढे घाला. पाठीवरची पिशवी विटेला अडकते, मागून कुणीतरी जोरात ढकलतं आणि तुम्ही जाऊन पडता ते एका स्वयंपाकघरात.

तांब्याची पातेली जमिनीवर लोळताहेत. लसणाची माळ अजून खिळ्यावर आहे. फुटलेल्या बुधल्यातलं ऑलिव्हचं तेल फरशीभर पसरलंय, त्यात तुमचे खिळे ठोकलेले बूट सर्रकन घसरतात. भिंतीवर नवरा-नवरीचा फोटो, त्याच्या काचेला तडा. शेगडीतली राख गार आहे. वरच्या मजल्यावर पावलं वाजताहेत, आणि तुमचे सगळे तर इथे खालीच आहेत.

डिसेंबर १९४३. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, एड्रियाटिक समुद्रालगतच्या कड्यावर वसलेलं ओर्तोना नावाचं गाव. वस्ती साधारण दहा हजार. तुम्ही कॅनडाचे साधे शिपाई आहात, पलटण 'सीफोर्थ हायलँडर्स ऑफ कॅनडा', गाव व्हँकुव्हर. इथे रस्त्यावर पाऊल टाकलं की संपलंच. जर्मन छत्रीधारी सैनिकांनी गल्ल्यांमधली घरं पाडून वाटा बुजवल्यात, म्हणजे तुम्हाला आणि तुमच्या रणगाड्यांना सरळ चौकात यावं लागेल, आणि त्या चौकावर सगळ्या बाजूंनी मशीनगन रोखलेल्या आहेत. म्हणून तुम्ही रस्ता सोडून दिलात. भिंतीला भिंत लागून घरं आहेत, तर भिंतीच फोडत जायचं. वरच्या मजल्यावरून पुढच्या घरात शिरायचं, तिथून जिन्याने लढत खाली उतरायचं, मग पुढची भिंत. शिपाई याला 'माउस-होलिंग' म्हणतात. शेजारच्या 'लॉयल एडमंटन' पलटणीने यात एवढा हात बसवलाय की सगळे त्यांच्याकडूनच शिकताहेत.

जरा दम घ्या, आणि स्वतःकडे बघा.

अंगात लोकरीचा बॅटलड्रेस आहे. कॅनडाचं कापड ब्रिटिशांच्या कापडाहून मऊ आणि जरा हिरवट, ब्रिटिश शिपाई त्यावर डोळा ठेवून असतात. पण आठवडाभर अंगावर ओला होऊन अंगावरच वाळलेलं कापड कुठल्याही देशाचं असो, खाजतंच. त्याला मेंढीचा, घामाचा, बंदुकीच्या तेलाचा आणि जळक्या दारूचा मिळून एक वास आहे. तो तुम्हाला आता येत नाही, कारण तो तुमचाच झालाय. खांद्यावर लाल चौकोनी पट्टी, पहिल्या डिव्हिजनची. गळ्यातल्या दोऱ्याला दोन चकत्या, त्यांवर तुमचं नाव, नंबर आणि धर्म. तुम्ही मेलात तर एक तुमच्याबरोबर पुरायची आणि एक कचेरीत पाठवायची. हेल्मेटच्या पट्ट्याने हनुवटीखालची कातडी सोलली आहे. आणि पाय? पायांकडे बघू नका. मोजे काढले तर परत घालता येणार नाहीत.

असे तुम्ही नव्हता. बरार्ड स्ट्रीटवरच्या पलटणीच्या इमारतीत नाव नोंदवलंत त्या दिवशी तुमच्या अंगाला लाकडाच्या वखारीतल्या ताज्या देवदाराचा वास होता. रोजचा पगार एक डॉलर तीस सेंट ठरला, आणि मंदीत वाढलेल्या पोराला तो वाईट वाटला नाही. परेडसाठी स्कॉटिश घागरा मिळाला, मॅकेंझी टार्टनचा, आणि कॅनडात जन्मलेले तुम्ही बॅगपाइपच्या तालावर चालू लागलात. लढाई आता सुरू होईल, मग सुरू होईल असं म्हणत इंग्लंडमध्ये साडेतीन वर्षं गेली. त्या वर्षांचं सांगण्यासारखं थोडंच आहे: आल्डरशॉटच्या बराकीतली हाडं गोठवणारी थंडी, कोळशाची टंचाई, कोमट बीअर, ब्लॅकआउटमध्ये चाचपडत शोधलेली नाचाची हॉलं. त्या हॉलांमधून पुढे बरेच संसार उभे राहिले. युद्ध संपल्यावर सुमारे ४८,००० नवऱ्या युरोपातून, बहुतेक ब्रिटनमधूनच, कॅनडाला गेल्या. तुमचं मात्र अजून कुठे जुळलेलं नाही.

मग सिसिली. तिथला उन्हाळा अंगावर आहे तो आहेच. वाहनं घेऊन येणारी जहाजं वाटेत बुडाली, म्हणून तुम्ही पायी चाललात. जुलैचं ऊन, गुडघ्यापर्यंत पांढरी धूळ, पाण्याची एकच बाटली, आणि हिवतापावरच्या मेपाक्रिनच्या गोळ्यांनी पिवळी पडलेली कातडी. बांधावरचे टोमॅटो तुम्ही उन्हातच तोडून खाल्लेत, रस कोपरापर्यंत ओघळला. आजीरा गावच्या चौकात पलटणीचा पाइप बँड वाजला तेव्हा बायका खिडक्यांत येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा वाटलं होतं, इटली म्हणजे हे असंच असणार.

पण इटली म्हणजे चिखल निघाला. ओर्तोनाच्या दक्षिणेला मोरो नावाची नदी आहे. नदी कसली, एक ओढाच, पण खोल दरीत शिरलेला. डिसेंबरच्या पावसात तिच्या दोन्ही अंगांच्या द्राक्षमळ्यांची पार रबडी झाली होती. चिखल बुटाला कणकेसारखा चिकटायचा आणि दर पावलाला पाय जड करत जायचा. मळ्यांतल्या तारा घोट्याला अडकायच्या. पोटावर झोपलं की गारठा बेंबीतून आत शिरायचा. रात्री खेचरांवरून आलेला डबा उघडायचा तेव्हा मटण-भाजीवर चरबीचा पांढरा थर गोठलेला असायचा, आणि तुम्ही तो चमच्याने खरवडून आधी खायचात, कारण त्यातच ताकद असते हे शरीराला कळलं होतं.

आणि इथेच, डाव्या हाताला, तुम्हाला हिंदुस्थानातली माणसं भेटतात. तुमच्या शेजारची फळी ८व्या इंडियन डिव्हिजनची आहे. त्यात पंजाबी आहेत, गुरखे आहेत, आणि ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियनही आहे. मराठी वाचकाने इथे दोन क्षण थांबावं. देशावरच्या कोरड्या गावांतून आणि कोकणातल्या लाल वाटांवरून निघालेली ही पोरं त्याच पावसात, त्याच चिखलात, त्याच तोफांखाली बसली आहेत, आणि त्यांची गोष्ट आपल्या घरांमध्ये फार कमी सांगितली गेली आहे. मोरोवर पूल टाकायचा होता तेव्हा उताराचं वळण इतकं आवळ होतं की सुट्या भागांच्या बेली पुलाचे लांब सांगाडे आपल्या काठावरून पुढे सरकवायला जागाच नव्हती. हिंदुस्थानी सॅपर्सनी सामान नदीपार नेलं आणि शत्रूच्या अंगाकडून उलटा पूल बांधत आणला. त्याचं नाव पडलं 'इम्पॉसिबल ब्रिज'. पावसात भिजलेल्या कॅनडाच्या शिपायांनी त्या माणसांकडे कसं बघितलं असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

हिंदुस्थानातून आलेली आणखी एक गोष्ट तुमच्या खिशात आहे: 'व्ही' नावाच्या सिगारेटी. त्या तिथेच बनतात आणि तुमच्या आठव्या आर्मीतला प्रत्येक जण त्यांना शिव्या देतो. घरून पार्सलमध्ये आलेल्या स्वीट कॅपोरल संपल्या की मात्र सगळे त्याच ओढतात.

उठा आता. वरच्या मजल्यावरची पावलं थांबली आहेत, आणि ती थांबणं जास्त वाईट.

जिन्याच्या कठड्याला हात लावू नका. दाराची मूठ फिरवू नका. खुर्चीवर पडलेलं जर्मन पिस्तूल, संडासाची साखळी, अर्धी भरलेली वाइनची बाटली, कशालाही नको. यातल्या कुठल्याही वस्तूच्या मागे तार असू शकते. म्हणून तुम्ही परक्या घरात हात अंगाशी धरून वावरायला शिकलात. दारातून जायचं नाही, भिंतीतून जायचं. खिडकीत उभं राहायचं नाही, खोलीच्या पोटात उभं राहून खिडकीतून बघायचं. तुमचं सगळं घर उलटं झालंय.

रात्री लढाई मंदावते, आवाज मात्र जात नाहीत. कुठेतरी कौलं घसरतात. पलीकडच्या घरात कुणीतरी जर्मनमध्ये खोकतंय म्हणावं इतकं ते जवळ आहेत. मध्ये फक्त एक वीत विटा. ऑलिव्हच्या लाकडाचं जळकं फर्निचर, फुटलेली गटारं, सांडलेली वाइन, आणि ढिगाऱ्याखालून येणारा तो दुसरा गोडसर वास. रमचा घोट फिरतो, काळी, घशाला ओरखडत जाणारी. मग चहा. कॉम्पो राशनच्या पेटीतल्या डब्यात चहा, साखर आणि दुधाची भुकटी एकत्रच येते. पेटी चौदा माणसांची एका दिवसाची, पण आज किती जण आहात हे कुणी मोजत नाही. चुन्याचा थर चहावर तरंगतो. तो फुंकरीने बाजूला सारायचा आणि प्यायचं.

तळघराचं दार उघडलं तर बंदूक झाडू नका, आधी हाक मारा. खाली माणसं आहेत. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, एका रजईखाली चार-चार मुलं, आणि कोपऱ्यात बादली. अंधारातून आधी वास येतो, मग मेणबत्तीचा ठिपका, मग रोझरीचा एकसुरी जप. एक बाई तुमची बाही धरते. तुम्हाला भाषा येत नाही, पण पाणी मागतेय एवढं कळतं. तुम्ही बाटली देता. पोरं घटाघटा पितात आणि बाटली रिकामी परत येते. हे लोक बाहेर निघू शकले नाहीत. गावात, तळघरांत, ढिगाऱ्यांखाली तेराशेहून जास्त नागरिक गेले. तुम्ही ज्या भिंती फोडताय त्या यांच्या. फोटोतली नवरी कदाचित इथेच बसली असेल. मला या सगळ्या लढाईत हेच सर्वांत जड वाटतं: सैनिकाने जिंकलेला प्रत्येक यार्ड कुणाचं तरी माजघर होता.

चौकापलीकडे सेंट थॉमसचं कॅथेड्रल अर्धं कापल्यासारखं उभं आहे, घुमटाच्या जागी आभाळ. त्याच्या अस्थी सातेक शतकं इथे आहेत. हा तोच थॉमस, जो हिंदुस्थानात धर्म सांगायला गेला असं परंपरा मानते.

आता मागे फिरा. तुमच्या कंपनीचं नाव पुकारलंय. वाकून, भिंतीच्या कडेकडेने, आलात त्याच भगदाडांमधून उलटे. स्वयंपाकघर, निजायची खोली, शिंप्याचं दुकान, पुन्हा स्वयंपाकघर. गावाच्या दक्षिण टोकाला सांता मारिया दि कोस्तान्तिनोपोली नावाचं चर्च आहे. दारातून आत पाऊल टाका.

आज २५ डिसेंबर आहे. हे तुम्ही विसरला होता.

आत लांबलचक टेबलं मांडली आहेत आणि त्यांवर पांढऱ्या चादरी. पांढऱ्या! तुम्ही हात मागे घेता, कारण तुमच्या बोटांच्या पेरांत पाच घरांची माती आहे. मेणबत्त्या आहेत. गावातल्या घरांमधून गोळा केलेल्या चिनी मातीच्या बशा आहेत, एकीची नक्षी दुसरीला जुळत नाही. वेदीपाशी स्वयंपाक चाललाय, आणि भाजलेल्या डुकराच्या मांसाचा वास दारातच तुमच्या पोटात मूठ मारतो. तुम्ही बाकावर बसता. कुणीतरी, तेही अधिकारी, तुमच्यासमोर सुपाची बशी ठेवतो. मग मांस, सफरचंदाची चटणी, फ्लॉवर, कुस्करलेले बटाटे, वर ग्रेव्ही. मग पुडिंग आणि मिन्स पाय. माणशी बीअरची एक बाटली. संत्रं, अक्रोड, चॉकलेट, सिगारेटी. संत्र्याची साल सोलताना तिचा फवारा उडतो आणि चुना, दारू, घाम, सगळं क्षणभर मागे पडतं. ती साल तुम्ही खिशात ठेवता.

हे जेवण इथे, लढाईच्या तोंडाशी आणायचं, हे लेफ्टनंट कर्नल सिड थॉमसनच्या पलटणीने ठरवलं. एका वेळी एक कंपनी आघाडीवरून काढायची, दोन तास जेवू द्यायचं, परत पाठवायचं, आणि मग पुढची. सकाळी अकरापासून अंधार पडून गेल्यावरही हे चाललं. बाहेर काही गल्ल्यांवर मॉर्टर पडताहेत. प्रत्येक दणक्याला मेणबत्त्यांच्या ज्योती एकदम आडव्या होतात आणि परत उभ्या राहतात. एक लेफ्टनंट ऑर्गनवर बसलाय. पाद्री रॉय डर्नफर्ड टेबलांमधून फिरतोय, खांद्यावर हात ठेवतोय, नावाने विचारतोय. कॅरल सुरू होतं. आधी दोघंतिघं गातात, मग आख्खी कंपनी. तुमच्या शेजारचा दाढी वाढलेला गडी काटा हातात धरून तसाच बसलाय, घास तोंडापर्यंत नेत नाही. "खा रे, थंड होतंय," तुम्ही म्हणता. तो मान हलवतो आणि खातो.

तुमच्यासमोर तीन बशा तशाच आहेत, कुणी हात न लावलेल्या. स्वयंपाक्यांनी कंपनीची जुनी हजेरी धरून बशा मांडल्या होत्या.

दोन तास झाले. सार्जंट दारात उभा राहून घड्याळाकडे बघतोय, काही बोलत नाही. हेल्मेट चढवा. बाहेर जाताना आत येणाऱ्या कंपनीशी तुमची गाठ पडते, धुळीने सगळे म्हातारे झालेले. "काय आहे रे?" त्यांच्यातला एक विचारतो. "डुक्कर," तुम्ही सांगता, "आणि ग्रेव्ही गरम आहे." एडमंटनवाल्यांना तर एवढंही नाही. त्यांना जागेवरून हलता आलं नाही, त्यांचं जेवण थंड होऊन त्यांच्या भगदाडांपर्यंत पोचलं. त्या संध्याकाळी तुमच्या पलटणीतली काही पोरं पोटात पुडिंग घेऊन गेली. त्यांचं ते शेवटचं गरम जेवण होतं.

पुढचे दोन दिवस मी भरभर सांगतो, कारण ते एकमेकांत मिसळलेले आहेत. भिंत, धूळ, खोली, जिना. सहा पौंडी तोफा अगदी गल्लीतून समोरच्या घरांवर डागल्या जाताहेत, दगडाच्या कपच्या गोळीसारख्या उडताहेत. २७ तारखेला जर्मनांनी सुरुंग लावून एक घर एडमंटनच्या आख्ख्या प्लाटूनवर पाडलं. सोबत्यांनी गोळीबारातच नुसत्या हातांनी ढिगारा उपसला. त्यातला एक जण तीन दिवसांहून जास्त काळ खाली राहून जिवंत निघाला. मग त्यांनीही शत्रूचं एक घर तसंच उडवलं.

२८च्या सकाळी तुम्हाला जाग येते ती शांततेने. छत्रीधारी रात्रीतून निघून गेलेत. तुम्ही पहिल्यांदा रस्त्याच्या मधोमध चालता, आणि पाठ आपोआप भिंतीकडे सरकते. बायका तळघरांतून वर येऊन उजेडात डोळे चोळताहेत; एक म्हातारा एका ढिगाऱ्यासमोर उभा राहून हातानेच दाखवतोय, इथे दार होतं, इथे जिना. समुद्र निळा आहे. एवढे दिवस तो इथेच होता आणि तुम्हाला एकदाही दिसला नाही.

गावाबाहेर मोरोच्या बाजूला, जिथे तुम्ही चिखलात झोपत होता, तिथल्या कब्रस्तानात आज १,६१५ थडगी आहेत. त्यांतली १,३७५ कॅनडाची. आणखी दक्षिणेला, सांग्रो नदीच्या कब्रस्तानात, अग्नी दिलेल्या हिंदुस्थानी सैनिकांचं वेगळं स्मारक आहे, पाचशेहून जास्त नावांचं. ओर्तोनाला गेलात तर दोन्हीकडे जा.

पण अजून तुम्ही १९४३मध्येच आहात, आणि सार्जंटने टपाल उद्या जाईल असं सांगितलंय. निळा कागद मांडीवर घ्या. पेन्सिल ओली करा. गावाचं नाव लिहायचं नाही, अधिकारी पत्र वाचून ते खोडेल. वर फक्त 'इटलीत कुठेतरी'. गेलेल्यांची नावं लिहायची नाहीत, त्यांच्या घरी आधी तार पोचली पाहिजे. भिंतींबद्दल लिहिता येईल, पण ते कसं लिहावं हे तुम्हाला कळत नाही. मग जेवणाबद्दल लिहा. पांढरी चादर, सफरचंदाची चटणी, ऑर्गन. आई, मी बरा आहे. आई मात्र हे सगळे दिवस रेडिओला कान लावून बसलीये. सीबीसी रेडिओचा बातमीदार मॅथ्यू हॉल्टन इथूनच, तोफांच्या आवाजात बोलत होता, आणि व्हँकुव्हरच्या स्वयंपाकघरात ओर्तोना हे नाव आता पाठ झालंय. तिला सगळं ठाऊक आहे. तुम्ही मोज्यांबद्दल लिहा: दोन जोड पाठव, जाड लोकरीचे, आणि टाच दुहेरी विण.